ताई, जरा हळू बोला

परवा तास चालू असताना कॉलेजच्या भिंतीपलीकडून प्रचाराची रिक्षा गेली. आधी ढोल, मग गाणं, मग एका बाईचा घासून गुळगुळीत केलेला आवाज. आपल्या घरातली, आपल्या हाकेला धावणारी, प्रेमळ वहिनी, असं काहीतरी. मागच्या बाकावरची पोरं हसली. मी खडू खाली ठेवला आणि रिक्षा जाईपर्यंत थांबले, कारण त्या कर्ण्यापुढे माझं काही चालणार नव्हतं. तिच्या मागोमाग दुसरी आली. तिच्यात पुरुषाचा आवाज होता, आणि वाघ, दणका, करून दाखवलं असे शब्द होते. दोन्ही रिक्षा वळणावरून दिसेनाशा झाल्यावर माझ्या लक्षात आलं की नळ, रस्ता, दिवा यांतला एकही शब्द कानावर पडला नव्हता. वहिनी प्रेमळ आहे आणि वाघ चिडलेला आहे, एवढंच कळलं.

बऱ्याच वर्षांनी नाशकात महापालिकेच्या निवडणुकीचा हंगाम आला आहे, आणि तोही बरोबर थंडीत. सकाळी गोदेच्या पुलावर धुकं असतं, द्राक्षांच्या बागांत फवारणीचा वास असतो, चांदवडकडून येणाऱ्या एसटीत बायका कांद्याच्या लागवडीच्या रोजाबद्दल बोलत असतात आणि त्यांच्या मागच्या सीटवर कुणीतरी उमेदवाराचं पत्रक घडी घालून खिडकीच्या फटीत खोचतो, वारा येऊ नये म्हणून. शहरात चौकाचौकात उपरणी दिसायला लागतात. मिसळीच्या दुकानांत सकाळीच गर्दी होते. आणि मला दर वेळी त्या एका हिवाळ्याची आठवण येते, ज्याची मला आजही थोडी लाज वाटते. लाज वाटते म्हणूनच हे लिहिते आहे.

तेव्हा मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. द्वारका चौकाच्या मागच्या बाजूला एका गल्लीत तीन मुलींबरोबर खोली घेतली होती. गल्ली जिथे संपायची तिथे रोजचा भाजीबाजार सुरू व्हायचा, आणि त्या कोपऱ्यावर मंदामावशींची पिठाची गिरणी होती. मालक गेल्यापासून वीस वर्षं गिरणी त्याच चालवत होत्या. हिवाळ्यात बाजरीची गर्दी असे. दळण तयार झालं की डब्यातलं पीठ इतकं गरम असायचं की आम्ही मुली हात शेकायला म्हणून बोटं त्यात खुपसायचो, आणि मावशी ओरडायच्या. त्यांचं ओरडणं म्हणजे साधं बोलणंच. वीस वर्षं मोटारीच्या घरघरीवरून बोलून बोलून त्यांचा आवाज तसा झाला होता. गिरणी बंद असली तरी तो खाली यायचा नाही. पलीकडच्या गल्लीतून कुणी विचारलं की मावशी, माझे गहू झाले का, तर त्या जागेवरूनच उत्तर द्यायच्या आणि ते बरोबर त्या घरात पोचायचं.

गिरणीच्या मागे त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि घराच्या मागे संडास. त्याची किल्ली गिरणीच्या दारात खिळ्याला टांगलेली असायची. बाजारात भाजी विकायला बसणाऱ्या बायका यायच्या, काही न बोलता किल्ली काढायच्या, आणि थोड्या वेळाने परत अडकवून जायच्या. पन्नासेक बायका टोपल्या मांडत त्या बाजारात बायकांसाठी मुतारी नव्हती. पुरुषांना भिंती होत्या. त्या वर्षी मंदामावशींनी निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं त्याचं कारण एवढंच होतं. कुणी विचारलं की त्या सांगायच्या, "एका घराच्या संडासावर आख्खा बाजार किती वर्षं चालवू मी?"

आमच्या शहरात प्रभाग चार जणांचा. चारातल्या दोन जागा बायकांसाठी राखीव आणि उरलेल्या सगळ्यांसाठी खुल्या. राखीव जागांवर मोठ्या पक्षांनी आधीच माणसं ठरवली होती, म्हणजे माणसांच्या बायका ठरवल्या होत्या. मंदामावशींनी अपक्ष म्हणून खुल्या जागेचा अर्ज भरला. त्याने जो काही गहजब झाला तो मी माझ्या कानांनी ऐकला. गिरणीच्या ओट्यावर एक वयस्कर गृहस्थ त्यांना समजवायला आले होते, भला माणूस, रोजचा गिऱ्हाईक. ते म्हणाले, "मंदाताई, तुम्हाला दोन दिल्यात ना? मग आमच्यातली कशाला घेता?" मावशी पीठ चाळत होत्या. त्यांनी वर न पाहता विचारलं, "तुमच्यातली म्हंजे कुठली? अर्जावर तर लिवलंय खुली."

मी त्या घराण्यातली आहे जिथे पदवीचा कागद पहिल्यांदा माझा आला. आई चांदवडला कांद्याच्या खळ्यावर निवडायचं काम करायची, वडील टेम्पो चालवायचे. मला बोलायला शिकवलं ते शाळेतल्या सरांनी. मी सातवीत असताना त्यांनी माझं नाव वक्तृत्व स्पर्धेत घातलं, शाळा सुटल्यावर रोज तासभर उभं करून तयारी करून घेतली, आणि तालुक्याला जायला भाडं नव्हतं तेव्हा मला त्यांच्या सायकलवर नेलं. त्यांच्यामुळे मी शिकले, हे मी जिथे उभी राहते तिथे सांगते आणि सांगत राहीन. पण त्यांनी मला काय शिकवलं तेही सांगायला हवं. मुलांना ते म्हणायचे, मूठ वळ, टेबलावर आपट, शेवटच्या बाकापर्यंत पोचलं पाहिजे. मला म्हणायचे, हात पुढे बांध, मान थोडी कललेली ठेव, आणि शेवटच्या दोन ओळींत आवाज भरून आला पाहिजे. मुलांना विषय मिळायचा देशाचं भवितव्य. मला मिळायचा आई. मी आईवर इतकी बोलले की परीक्षक डोळे पुसायचे. अकरा ढाली मिळाल्या. माझी खरी आई तेव्हा खळ्यावर मुकादमाशी वजनावरून तारस्वरात भांडत असायची, आणि ते भाषणात कधी आलं नाही.

त्यामुळे मंदामावशींनी जेव्हा मला हाक मारली आणि म्हणाल्या, मास्तरीणबाई, मला तीन मिनिटांचं भाषण लिहून दे, तेव्हा मला वाटलं, माझ्या सगळ्या शिक्षणाचं चीज झालं. प्रभागातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या एका मंडळाने खुल्या जागेच्या सगळ्या उमेदवारांना एका मंचावर बोलवलं होतं. चार पुरुष आणि मावशी. आधी तीन-तीन मिनिटं भाषण, मग प्रश्न. गल्लीतले लोक म्हणत होते की मतं तिथेच फिरणार. मावशींना तिथे एकच गोष्ट सांगायची होती, की बाजारात बायकांसाठी मुतारी पाहिजे. बाकी काही मागायचं नव्हतं.

आठ दिवस मी त्यांची तयारी करून घेतली. पहिलं म्हणजे आवाज. मी म्हणाले, मावशी, एवढ्या मोठ्याने बोललात तर लोकांना वाटेल तुम्ही भांडताय. त्यांनी प्रयत्न केला. आवाज खाली आणला की त्यांचा श्वास तुटायचा आणि वाक्य मध्येच संपायचं, पण मी म्हणाले, छान, हेच हवं. दुसरं म्हणजे पदर. तो उजव्या खांद्यावरून पुढे घेऊन एका हाताने धरायचा. माईक दुसऱ्या हातात. म्हणजे बोटाने काही दाखवायला हातच उरत नाही, हे मला आज कळतं. तिसरं, कुणी टोमणा मारला तर उलट बोलायचं नाही, हसून सोडून द्यायचं. आणि चौथं म्हणजे तो शब्द. मुतारी हा शब्द मी भाषणातून काढून टाकला. त्याच्या जागी लिहिलं, महिला भगिनींच्या मूलभूत सुविधांचा प्रश्न.

मावशींनी कागद वाचला. विचारलं, "ह्याच्यात मुतारी कुठंय?"

मी समजावलं की मंचावर समोर सगळे मोठे लोक असतात, असं थेट बरं दिसत नाही, जाणकारांना कळतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना शाळा चौथीपर्यंत मिळाली होती आणि माझी एम.ए.ची परीक्षा जवळ आली होती. त्या म्हणाल्या, बरं बाई, तू शिकलेली आहेस.

हे वाक्य मी पुष्कळ वेळा आठवलं आहे. शिकलेली आहेस. मी शिकले होते ते दुसऱ्याचं बोलणं पुसून तिथे सुबक काहीतरी लिहायला.

मंगल कार्यालयाचा हॉल भरला होता. थंडी म्हणून दारं लावून घेतली होती आणि आत डांबरगोळ्यांचा वास येत होता, कारण सगळ्यांनी ट्रंकांतले स्वेटर काढले होते. मंचावर मावशींसाठी कडेची खुर्ची होती. सगळ्यांत तगडे उमेदवार अण्णा, सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे, मध्ये बसले होते. अण्णा उभे राहिले आणि टेबलावर हात आपटला. पाच मिनिटं झाली, सात झाली, कुणी थांबवलं नाही. प्रशासनाने ऐकलं नाही तर काय करू, हे सांगताना ते गरजले की आम्ही काही हातात बांगड्या भरलेल्या नाहीत. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांनीही वाजवल्या, किणकिण ऐकू आली. माझं लक्ष मावशींच्या हातांकडे गेलं. ते मोकळे होते. मालक गेले त्या दिवशी बायकांनी त्यांच्या बांगड्या दगडावर फोडल्या होत्या, हे मला त्यांनीच एकदा दळण मोजता मोजता सांगितलं होतं. त्यांनी मान वर केली, पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे पाहिलं, आणि मी शिकवल्याप्रमाणे हसल्या.

तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो छापून आला. अण्णांचा हात हवेत आणि शेजारी गिरणीवाली बाई प्रसन्न हसते आहे.

मग मावशी बोलल्या. हळू बोलल्या, पदर धरून बोलल्या, मूलभूत सुविधा म्हणाल्या. तिसऱ्या रांगेच्या मागे काहीच पोचलं नाही. सूत्रसंचालन एक निवृत्त प्राध्यापक करत होते. त्यांनी अण्णांना विचारलं की मलनिस्सारणाचा निधी कसा आणणार. मावशींना विचारलं, "ताई, गिरणी, घर आणि हे सगळं, तुमची ओढाताण नाही का होणार?" मावशींना घरात कुणी नव्हतंच ज्याच्यासाठी ओढाताण व्हावी. पण त्यांनी मी पाठ करून दिलेलं उत्तर दिलं, की घर सांभाळणारी बाई प्रभागही सांभाळते. लोकांनी कौतुकाने मान हलवली आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले.

बाहेर पडताना लोक काय म्हणत होते तेही मी ऐकलं. अण्णांबद्दल, अभ्यासू माणूस, जरा तापट आहे पण तसाच लागतो. मावशींबद्दल, बाई साधी आहे, सालस आहे, पण मुद्दा काही नाही. दाराशी यमुनाबाई उभी होती. ती रोज पिकअपमधून मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन यायची आणि बाजाराच्या तोंडाशी बसायची. त्या दिवशी टोपली शेजारणीवर सोपवून ती मुद्दाम ऐकायला आली होती. मला तिने विचारलं नाही, सरळ मावशींना विचारलं.

"मंदाबाई, आमचं कधी बोलणार होतीस तू?"

मावशी म्हणाल्या की बोलले की. यमुनाबाई म्हणाली, "मी पुढंच बसले होते. काय नाय बोललीस." आणि ती गेली, कारण तिची गाडी सुटणार होती.

यमुनाबाईबद्दल थोडं सांगते. ती पहाटे घरून निघताना चहासुद्धा घ्यायची नाही. बाजारात पाण्याची बाटली आणायची ती जुड्यांवर शिंपडायला, स्वतः प्यायची नाही. मावशींकडे किल्ली होती, पण टोपली सोडून जायचं म्हणजे शेजारणीला सांगायचं, तिचं गिऱ्हाईक असलं तर थांबायचं. तिला दोनदा लघवीच्या आजाराने ताप भरला होता आणि एकदा सरकारी दवाखान्यात चार दिवस काढावे लागले होते. हे सगळं मावशींना माहीत होतं. मलाही माहीत होतं. आणि मी ते मूलभूत सुविधा या दोन शब्दांत गुंडाळून ठेवलं होतं, जसं शाळेत आईला गुंडाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीवर गेले तर मावशींनी माझा कागद घडी करून परत दिला. मी माफी मागितली. त्या रागावल्या नव्हत्या. "कागद ग्वाड होता गं तुझा," त्या म्हणाल्या. "पण माझ्या तोंडात दुसऱ्याची कवळी बसवल्यागत झालं." मग मोटार सुरू केली आणि तिच्यावरून ओरडून सांगितलं की रविवारी बाजारात कोपरा सभा आहे, तू ये, पण काय लिहू नको.

त्या सभेला मंच नव्हता. कांद्याच्या दोन क्रेटवर फळी टाकली होती. माईकवाल्याने मावशींना सांगितलं की ताई, जरा हळू बोला, शिट्टी वाजते. हे वाक्य त्यांनी त्या महिन्यात कितीदा ऐकलं असेल. त्यांनी माईक त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, ने बाबा, तुझा जीव आणि माझा जीव दोन्ही सुखी. पदर कमरेला खोचला. आता दोन्ही हात मोकळे होते.

त्या काय बोलल्या ते मी शब्दाशब्दाने सांगू शकते. "ह्या बाजारात गड्यांना मुतायला भिंत हाय. बायांना काय हाय? माझी किल्ली हाय. किल्ली एक, बाया पन्नास. ही यमुना बसलीय, हिला विचारा सकाळपासून किती पाणी प्याली. काय नाय प्याली. मुतायला लागंल म्हणून प्याली नाय. दवाखान्यात चार दिस झोपली त्याच्यापायी. तुम्ही हिच्याकडची मेथी खाता ना? मग हिला मुतारी बांधून द्या. मला नगरसेवक करा नायतर नका करू, पण मुतारी बांधा."

पहिल्या वाक्याला हशा झाला. पोरांनी शिट्या मारल्या. यमुनाचं नाव आलं तेव्हा हसणं कमी झालं, आणि ती जुडी हातात तशीच धरून उभी राहिली तेव्हा बंद झालं. अण्णांचा एक कार्यकर्ता गर्दीत होता. तो म्हणाला की बाईमाणसाने चारचौघांत असलं बोलू नये, लहान मुलं ऐकतात. मावशी त्याच्याकडे वळल्या. "बाया दिवसभर मुतत नायत, म्हणून मला बोलावं लागतंय. तुम्ही बांधली असती तर मी गिरणीत असते."

बाजाराच्या शेवटच्या टोकापर्यंत ते ऐकू गेलं. पलीकडे रसाच्या गाड्यावर उभा असलेला माणूस ग्लास हातात धरून वळून बघत होता, तो मला अजून दिसतो.

दोन दिवसांत मोबाइलवर ते भाषण सगळीकडे फिरलं. तोल सुटला, पातळी सोडली, हे शब्द मी छापील वाचले. सोसायट्यांच्या ग्रुपवर संस्कारांची चर्चा झाली. त्यात बायकाही होत्या, सुशिक्षित, माझ्यासारख्या. आणि तिसऱ्या दिवशी अण्णांची सभा झाली. अण्णांनी डोळे मिटून, आवाज भरून आणून सांगितलं की माझ्या माताभगिनी या बाजारात कुचंबणा सोसतात, त्यांच्यासाठी मी मुतारी, होय, मुतारी बांधून देणार, आणि हा शब्द उच्चारायला मला लाज वाटत नाही. टाळ्या. दुसऱ्या दिवशी संवेदनशील नेतृत्व असं छापून आलं. शब्द तोच होता, तीनच अक्षरं. मावशींच्या तोंडी तो घाणेरडा होता आणि अण्णांच्या तोंडी धाडसी.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा खटकली. ज्या भरून आलेल्या आवाजासाठी मला अकरा ढाली मिळाल्या होत्या, तो अण्णांनी वापरला तर तो त्यांचा मोठेपणा होता. पुरुषाला दोन्ही आवाज चालतात. टेबल आपटायचाही आणि गहिवरायचाही. मावशींना एकच दिला होता, आणि तोही त्यांचा नव्हता.

अण्णा निवडून आले, मावशी पडल्या. मुतारी वर्षभराने झाली. तिच्यावर संगमरवरी पाटी आहे आणि पाटीवर अण्णांचं नाव आहे. मी मावशींना म्हणाले की हे चूक आहे. त्या म्हणाल्या, "झाली ना बांधून? मग झालं." यमुनाबाई आता पाणी पिते, त्यांना तेवढं पुरतं. त्यांचं मन मोठं आहे, मी त्यांच्या पाया पडते, पण या बाबतीत मी त्यांचं ऐकणार नाही. झालं नाही. निदान माझ्या बाजूने तरी अजून झालेलं नाही.

कारण आजही मोबाइलवर सभागृहाचं कामकाज पाहते तेव्हा तेच दिसतं. सदस्य उठून ओरडतो तेव्हा बातमी येते, आक्रमक झाले. सदस्या त्याच सुरात ओरडते तेव्हा येते, आकांडतांडव. तो बोलता बोलता थांबला तर विचार करतो आहे, ती थांबली तर अडखळली. त्याच्या हातात कागद असला तर तो पुरावे घेऊन आलेला असतो, तिच्या हातात असला तर कुणीतरी लिहून दिलेला असतो. आणि हे फक्त त्यांचंच आहे असं म्हणून मला सुटता येत नाही. दोन वर्षांपूर्वी मी एका आंतरशालेय स्पर्धेची परीक्षक होते. निफाडकडची एक मुलगी पाणीटंचाईवर अशी काही कडाडली की खिडक्या हलल्या. मी तिचे गुण कापले आणि शेऱ्यात लिहिलं, आवाज कर्कश. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. त्या शाळेचा पत्ता शोधून मी तिला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, येणारही नाही. मी तिच्या जागी असते तर मीही दिलं नसतं.

सरांचा फोन येतो अधूनमधून. ऐंशीच्या पुढे गेले आहेत. परवा विचारत होते, अजून तशीच गोड बोलतेस ना गं? मी म्हणाले, नाही सर, आता मोठ्याने बोलते.  ते म्हणाले, बरं, मला तसंही कमी ऐकू येतं. आम्ही दोघंही हसलो. त्यांच्या उपकारांची मला आठवण आहे, आणि त्यांचं सगळंच मी जपून ठेवलेलं नाही, हे त्यांनाही बहुतेक ठाऊक आहे.

यंदा हंगाम सुरू झाला आणि मला एक निमंत्रण आलं. जिल्ह्यातल्या महिला उमेदवारांसाठी अर्ध्या दिवसाचं शिबिर, विषय प्रभावी भाषण. सोबत मुद्दे पाठवले होते. सौम्य देहबोली, साजेशी वेशभूषा, मर्यादित आवाज, वादग्रस्त शब्द टाळणे. ते वाचताना मला माझंच अक्षर वाचल्यासारखं वाटलं. मी नाही म्हणणार होते. मग वाटलं, मी गेले नाही तर दुसरं कुणी जाईल आणि हेच शिकवेल.

वीसेक बायका होत्या. मी सगळ्यांना उभं राहून दोन मिनिटं बोलायला सांगितलं. एकामागून एक उठली आणि प्रत्येकीने पहिलं वाक्य तेच म्हटलं, मी जास्त काही बोलणार नाही. साऱ्या जणींना कुणी हे एकत्र बसवून शिकवलं नव्हतं, तरी ते सगळ्यांच्या जिभेवर होतं. मालेगावहून आलेली नसरीन नावाची मुलगी होती, पंचविशीची, यंत्रमागाच्या गल्लीतली. तीही उठली आणि म्हणाली, मी जास्त काही बोलणार नाही. मी म्हटलं, बस. आता हे वाक्य सोडून बोल. ती पुन्हा उठली, तोंड उघडलं, आणि पुन्हा तेच आलं. बाकीच्या हसल्या, तीही हसली. मग मी विचारलं की तू उभी का राहतेस, एवढंच सांग.

ती म्हणाली, पण मॅडम, मी खरं कारण बोलले तर लोक नाराज होतील, मतं जातील. मी तिला खोटं सांगितलं नाही. "जातील," मी म्हटलं. "माझ्या ओळखीच्या एका बाईंची गेली. तू ठरव."

 खाली कुठेतरी प्रचाराची गाडी गेली, तिचं गाणं आलं आणि विरलं. संयोजक दाराशी आले आणि चहा तयार आहे अशी खूण केली. मग ती बोलायला लागली.

"आमच्या गल्लीत सगळ्या बायका घरात बसून कांड्या भरतात, मागाचं सूत गुंडाळतात त्यावर. सकाळी सुरू करतात, मग रात होते. सूत नाकात जातं, छातीत जातं. माझ्या अम्मीला दम लागतो. दवाखान्यात गेलो तर डॉक्टर विचारतात, काम काय करता? अम्मी बोलते, काही नाही. बाजूची खाला बोलते, काही नाही. सगळ्या हेच बोलतात. तो कागदावर लिहितो, घरकाम. मग आम्ही कामगार नाही, आमचा आजार पण कामाचा नाही..."

तिचा आवाज वाढत होता. शेवटच्या रांगेतल्या बायका ताठ बसल्या. संयोजकांनी दारातून घड्याळावर बोट ठेवून मला दाखवलं. मी माझी खुर्ची उचलली, नसरीनच्या समोर नेऊन ठेवली, दाराकडे पाठ करून बसले आणि तिला म्हटलं, पुढे बोल.